लॅपटॉप, बीपीची गोळी आणि जर्मनी

भोरला एसटी स्टँडजवळ हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली म्हणजे माझं ऑफिस. पायऱ्या अशा उभ्या आहेत, की वर आलेला माणूस आधी पाणी मागतो आणि मग काम सांगतो. लोकांचे आयकराचे रिटर्न भरणं आणि विमा उतरवणं, यात माझं सगळं आयुष्य गेलं. आता वय झालं म्हणून आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसात बसते. उरलेले दिवस लोक घरी येतात.

या धंद्यात माणसाची एक खोड पक्की कळते. तो डॉक्टरला आजार थोडा कमी सांगतो, बायकोला पगार थोडा कमी सांगतो, आणि माझ्याकडे आला की दोन्ही एकदम कमी सांगतो. मी रागावत नाही. चहा मागवते आणि तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारते.

पूर्वी माझी गिऱ्हाइकं म्हणजे शाळामास्तर, बँकेतले लोक, दूध डेअरीचे सेक्रेटरी. त्यांचं उत्पन्न इथलं, आजारपण इथलं, आणि भांडणंही इथलीच. आता गावागावांत एक तरी मूल पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतं. लॉकडाऊनमध्ये ही मुलं गावी आली, जिथे रेंज मिळेल त्या गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसली, आणि त्यांच्या ध्यानात आलं की गच्चीवरून काम होतं तर ते कुठूनही होईल. तेव्हापासून मला नव्याच प्रश्नाची सवय करून घ्यावी लागली. ‘मॅडम, थोडे दिवस परदेशात बसून इथलंच काम केलं, तर टॅक्स कुठं भरायचा?’ एकाला तर वाटत होतं, की सामानाचं वजन करतात तिथेच विमानतळावर टॅक्सही कापून घेतात. भाटघरचे एक रिटायर्ड गुरुजी लेकीकडे परदेशी राहून आले आणि थेट माझ्याकडे आले. म्हणाले, “तिकडं साधी शिंक आली नाही मला. विम्याचे निम्मे पैसे तरी परत मिळतील की नाही?” मी म्हटलं, “गुरुजी, वर्गात एकही मूल नापास झालं नाही, त्या वर्षी निम्मा पगार परत केला होतात का?” ते हसले, पण निघताना पुन्हा एकदा विचारून गेलेच.

पण मला सांगायचंय ते विंझरच्या सागरबद्दल आणि त्याच्या आईबद्दल.

सागरचं कॉलेज भोरला झालं. पुण्यात नोकरी लागल्यावर त्याचं पहिलं रिटर्न मीच भरलं. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता तो आईला घेऊन ऑफिसात आला. आईचं नाव मंगलबाई, माहेर भाटघरचं. सागरची बहीण पूनम लग्न होऊन जर्मनीला गेलेली, आणि तिला पहिल्यांदाच दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. पण पूनमला डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली होती. तेव्हा माहेरानेच उठून तिकडे जायचं ठरलं. सागरच्या वडिलांना जमणार नव्हतं, कारण घरच्या दोन म्हशी त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू देत नव्हत्या. मंगलबाईंनी तोवर विमान पाहिलं होतं ते फक्त भाताच्या खाचरातून, मान वर करून. त्यांना एकटं कसं पाठवायचं? म्हणून सागर बरोबर जाणार, बहिणीच्या घरी दोन महिने राहणार आणि तिच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून पुण्याचं काम करणार, असा बेत होता.

“कंपनीला विचारलंस?” मी म्हटलं.

“त्यात विचारायचं काय, मॅडम? लॅपटॉप तोच, काम तेच. मी विंझरला गच्चीवर बसलो काय नि तिकडं बसलो काय, साहेबाला काय कळतंय? तुम्ही फक्त टॅक्सचं सांगा.”

मग मी त्याला जे सांगितलं ते वाचकांनाही सांगते. दिवाळी अंकात चकलीची कृती दरवर्षी असते, ही कृती कुणी देत नाही. पगार इथल्या कंपनीचा आणि मुक्काम थोडा असेल, तर साधारणपणे तुम्ही इथलेच रहिवासी राहता आणि कर इथेच भरता. तिकडचं सरकार म्हणू शकतं, की काम आमच्या जमिनीवर बसून केलंत, तर आमचा वाटा कुठाय? पण दोन देशांमध्ये करार असला तर छोट्या मुक्कामाला बहुधा सूट मिळते. बहुधा म्हणते, कारण त्यालाही अटी असतात. इथवर ऐकलं की माणूस खूश होऊन उठायला लागतो. त्याला मी हाताला धरून पुन्हा बसवते. कर लागत नाही म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं नाही. ती व्हिसा देतो, आणि पाहुणा म्हणून आलेल्याने नोकरीचं काम करत बसावं, हे बऱ्याच देशांना चालत नाही. शिवाय कंपनीचं दुखणं वेगळंच. तिचा माणूस परदेशात बसून काम करायला लागला, की तिथला कर आणि तिथले कामगार कायदे तिच्या मागे लागू शकतात, म्हणून कंपन्या या गोष्टीला फार बिचकतात. आणि कंपनीचा मेडिक्लेम ज्याच्या जिवावर सगळे निर्धास्त असतात, तो बहुतेक वेळा देशाची हद्द ओलांडली की संपतो. बाहेर जायचं तर प्रवासाचा वेगळा आरोग्य विमा घ्यावा लागतो, आणि त्यात जुने आजार खरे सांगावे लागतात.

सागरने टॅक्सपुरतं लक्ष देऊन ऐकलं आणि बाकीचं दुसऱ्या कानाने सोडून दिलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग मी मंगलबाईंकडे वळले. “तुम्हाला काही आजार?”

“न्हाई.”

“बीपी, शुगर?”

“कायबी न्हाई. म्या अजून डोंगरावनं मोळी आनते.”

“आई दवाखान्यात गेलेली मला तरी आठवत नाही,” सागर अभिमानाने म्हणाला.

आधी कंपनीशी बोल, मग पॉलिसीचं बघू, असं सांगून मी दोघांना वाटेला लावलं. चहाचे कप उचलायच्या आत मंगलबाई एकट्याच धापा टाकत पुन्हा वर आल्या.

“पिशवी ऱ्हायली,” त्या म्हणाल्या. पिशवी त्यांच्या खांद्यालाच होती.

मी पाणी दिलं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. “बाई, एक इचारू? समजा एकाद्या बाईला बीपीची गोळी चालू असंल, तर तिला न्हेत न्हाईत का?”

“कुणाला गोळी चालू आहे?”

“हाय एक. आमच्या शेजारची.”

“शेजारीण पण जर्मनीला चाललीय का?”

त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसल्या, आणि हसता हसताच डोळे पुसायला लागल्या. मग सगळं बाहेर आलं. भाटघरला माहेरी आल्या, की त्या भोरच्या बाजारात यायच्या, डॉक्टरला दाखवायच्या आणि पुढच्या भेटीपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या घेऊन जायच्या. घरी गोळ्या मसाल्याच्या धण्यांच्या डब्यात. एकदा डॉक्टरांनी तपासणीला पुण्याला पाठवलं, तेव्हा घरी नात्यातलं लग्न आहे म्हणून सांगितलं. इतकी वर्षं ना नवऱ्याला पत्ता, ना मुलाला.

“पन लपवायचं कशाला?” मीही त्यांच्यासारखं बोलायला लागले होते.

“आजारी हाय म्हनलं की शेतात जाऊ देत न्हाईत, बाई. मग दिसभर भिताडाला टेकून बसायचं व्हय? आन आता तर सागर मला न्हेनारच न्हाई. म्हनंल, आई, तू ऱ्हा हितंच. माजी पोरगी तिकडं परक्या मुलखात कन्हत पडनार आन म्या हितं म्हशीला वैरन टाकीत बसू? त्ये न्हाई व्हायचं माज्याच्यानं.”

मला त्यांचं म्हणणं पटत होतं आणि तेच अवघड होतं. आजार लपवून घेतलेला विमा ऐन वेळी कामाचा राहत नाही. आमच्याच बाजारपेठेतल्या एका घराला मी हे सोसताना पाहिलंय. विमा मीच उतरवला होता. माणसाने छातीचं दुखणं लपवलं, परदेशात तेच उपटलं, आणि विमा कंपनीने दावा फेटाळला. त्याची बायको अजून मी समोरून आले की रस्ता बदलते. तिचा राग मला समजतो. तिला कुणावर तरी रागवायला हवंच आहे.

“मी सागरला काही सांगणार नाही,” मी मंगलबाईंना म्हटलं. “पण खोटं लिहिणारही नाही. सांगायचं ते तुम्ही सांगा.”

“द्या मग चार दिस,” म्हणून त्या उतरून गेल्या.

मला हसावं की रडावं कळेना. मुलगा कंपनीपासून लपवत होता, आई मुलापासून लपवत होती, आणि दोघांचं कारण एकच, पूनमपर्यंत पोचायचं. माझ्यासमोर शेजारी शेजारी बसून आई तोंडभर खोटं बोलून गेली होती, आणि मुलगा खोटं बोलायचा बेत सांगून गेला होता.

चार दिवसांचे पंधरा झाले. आणि मग विंझरच्या स्टॉपवर फ्लेक्स लागला.

झालं असं, की सागरने घरी सांगितलं होतं, ‘जर्मनीला जाऊन तिथून काम करणार आहे.’ हे वाक्य गोठ्यातून पिठाच्या गिरणीत आणि गिरणीतून चुलतभाऊ बाळूच्या कानावर जाईपर्यंत त्याचं ‘जर्मनीत नोकरी लागली’ असं झालं. बाळूला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि त्याला फ्लेक्ससाठी निमित्त हवंच होतं. भला मोठा फ्लेक्स. मधे सागर, कॉलेजच्या गॅदरिंगला मागून आणलेल्या कोटातला. मागे विमान. वर ‘जर्मनी येथे नोकरीनिमित्त रवाना होत असल्याबद्दल विंझरच्या वाघाचे हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांची रांग, आणि त्यात बाळूचा फोटो वाघापेक्षा जरा मोठाच. देवळात शाल-नारळ देऊन सत्कारही झाला. आठवड्याच्या आत सागरला तीन मुली सांगून आल्या. सागर बाळूच्या मागे लागला की फ्लेक्स काढ, तर बाळू म्हणाला, “दादा, आत्ता काढला तर मानसं माजी चेष्टा करत्याल. जरा राहू दे, ऊन-पावसानं आपोआप फाटंल.”

तो फाटायच्या आत रविवार आला. आणि रविवारी पुण्याचा निम्मा आयटी तोरण्यावर असतो, हे बाळूच्या काय, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याला जायचा रस्ता विंझरवरूनच जातो. सागरचे साहेब भल्या सकाळी ट्रेकला निघाले होते, चहा-वडापावला विंझरला थांबले आणि वडा तोंडात घालता घालता त्यांनी मान वर केली. पाच मिनिटांत फ्लेक्सचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर. खाली साहेबांनी एकच ओळ लिहिली होती, ‘अभिनंदन, सागर. राजीनामा कधी देतोयस?’

सोमवारी सागर माझ्या ऑफिसात आला तो पाणीही न मागता. मागे मंगलबाई.

“मॅडम, नोकरी गेली.”

“गेली?”

“जायच्या बेतात आहे. आता काय सांगू साहेबाला? मित्रांनी गंमत केली म्हणून सांगतो.”

“इतका मोठा फ्लेक्स गमतीने लावणारे मित्र असतील, तर तुला पुढच्या वेळी खासदार करतील,” मी म्हटलं. “फोन लाव. माझ्यासमोर लाव. आणि जे आहे ते सांग. बहिणीचं, आईचं, लॅपटॉपचं, सगळं.”

त्याने फोन स्पीकरवर ठेवला. आणि सांगितलं सगळं. पलीकडे साहेब हसायला लागले ते थांबेनात. थांबले तेव्हा मात्र सरळ बोलले. तिथून काम करायची परवानगी मिळणार नाही. कंपनीचा नियम आहे आणि व्हिसातही ते बसत नाही. “आणि चोरून केलं असतंस ना, तर लॉग-इन कुठून होतंय ते आम्हाला लगेच दिसलं असतं. मग माझ्या हातात काही राहिलं नसतं. दोन आठवडे रजा घे, आईला पोचव, बहिणीला भेट आणि परत ये. लॅपटॉप इथेच ठेवून जा.”

फोन ठेवून सागरने कपाळाचा घाम पुसला. नोकरी वाचली होती. पण लगेच त्याचा चेहरा पुन्हा पडला. “म्हणजे मी परत येणार आणि आई तिकडं मागं राहणार. भाषा येत नाही, पूनम बाळंतीण, दाजी कामावर. हिला काही झालं तर?”

 मंगलबाई खिडकीतून खाली स्टँडकडे बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, “मला बीपी हाय.”

“काय?”

“बीपी हाय. गोळी चालूय. तू बारावीला हुतास तवापासनं.”

 मग सागर मला वाटलं होतं तेच म्हणाला. “मग कशाला जायचं, आई? राहू दे. मी सांगतो पूनमला. तिकडं बाई मिळते कामाला.”

मंगलबाई वळल्या. आवाज चढवला नाही, पण बोलल्या ते शब्द मी विसरणार नाही. “तू सायबाला आत्ता खरं सांगितलंस. सायबानं खाल्लं तुला? न्हाई ना? उलट रजा दिली. त्यो परका मानूस. मग तू पोटचा असून मला का खातूस? म्या खरं सांगितलं म्हनून मला घरी बसीवतूस, म्हंजी खोटंच बोलायला पायजे हुतं.”

सागर खाली मान घालून बसला.  मग त्याने मला विचारलं, “मॅडम, बीपी सांगून विमा मिळतो?”

“मिळतो. हप्ता जरा जास्त पडतो. बीपी आटोक्यात आहे असं डॉक्टरांचं पत्र लागेल. आणि पॉलिसी बघून घ्यावी लागते. सांगितलेलं जुनं दुखणं अचानक उसळलं, तर काही पॉलिसी दवाखान्याचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत देतात, काही देत नाहीत. देणारी मी शोधते.”

“शोधा,” तो म्हणाला. मग आईला म्हणाला, “गोळ्या कुठं ठेवतेस गं तू?”

“तुला काय करायचंय?” मंगलबाई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या.

भाताची झोडपणी उरकून मायलेक गेले. ठरल्याप्रमाणे सागर परत आला, आणि आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते स्वतःच्या हाताने फ्लेक्स उतरवायचं. सांगून आलेल्या मुलींपैकी दोघींच्या घरून मग काही निरोप आला नाही. तिसरीच्या वडिलांनी निरोप धाडला, की मुलगा इथेच राहणार असेल तर उलट बरंच आहे.

डिसेंबरातली दुपार होती. ऑफिसात मी एकटीच होते. परदेशातल्या नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. उचलला तर मंगलबाई, दवाखान्याच्या कपड्यांत. 

“घाबरू नगा,” त्या म्हणाल्या. “आता बरी हाय.”

पूनमला कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात नेलं. जावई आत तिच्यापाशी. मंगलबाई बाहेर बाकावर बसलेल्या, आणि बसल्या बसल्या त्यांचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. “आदी वाटलं, गप बसावं. पोरगी अडलेली, आन आपलं कुटं मदीच काडायचं? म्या बसलेबी गप. लई सवय हाय मला गप बसायची. मग तुमची आठवन झाली. म्हनलं, येवढं बाईंम्होरं सांगितलं, लेकाम्होरं सांगितलं, आता परक्या मानसाला सांगायला काय हुतंय?” त्यांनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, समोरून चाललेल्या नर्सच्या हातावर ठेवलं आणि स्वतःच्या डोक्याला हात लावला. बाकी भाषा लागली नाही. बीपी भलतंच वर गेलं होतं. त्यांना तिथेच दाखल करून घेतलं. विमा कंपनीला फोन गेला, आजार आधी सांगितलेला होता, मंजुरी मिळाली. आणखी थोडा वेळ गप बसल्या असत्या तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी जावयाला सांगितलं होतं. जावयाने ते नंतर फोन करून मला सांगितलं, त्यांना नाही.

“नात झाली,” मंगलबाई म्हणाल्या. “आत्ता मला चाकाच्या खुर्चीतनं पूनमच्या खोलीत आनलंय. थांबा, दावते.”

फोन हलला. आधी छत दिसलं, मग एक झोपलेलं, लालबुंद, चिमुकलं तोंड, मग पलंगावर पूनम. थकलेली, केस विस्कटलेले. आईची खुर्ची तिने पलंगाला लावून घेतली होती, स्वतःची एक उशी आईच्या पाठीशी दिली होती, आणि आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. मला रडू आलं. रिटर्न भरता भरता आयुष्य गेलं, पण ऑफिसात बसून रडले ती त्या दिवशी.

“बाई, रडता कशाला?” मंगलबाई म्हणाल्या. “पोरीचा हात धरायला आले हुते, धरला. कुनी कुनाचा धरला, त्ये सोडा.”